आबांची गल्ली

आबांबद्दल चांगलं बोलणारे जळगावात पुष्कळ मिळतील. त्यांच्यावर जळणारा मात्र मी एकटाच असेन, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी पुण्याहून आर्किटेक्ट होऊन आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. ऑफिसवर पाटी लावली, उतरता ड्रॉइंग बोर्ड आणला, भिंतीवर पदवी टांगली. गाव मला 'इंजिनेर' म्हणायचं, तेही मी सोसलं. जे सोसवेना ते वेगळंच होतं. घर बांधू पाहणारा माणूस माझा नकाशा दोन्ही हातांनी धरून भक्तिभावाने पाहायचा, मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "छान शे. आबाले दाखाडा का?"

आबा सातवी पास होते. पाटबंधाऱ्याच्या कामावर आखणी करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर ते गावातली घरं आखून द्यायचे. म्हणजे कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरवायचा, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, दोरीखाली पांढरी फक्की ओतायची. त्या फक्कीवर मग मजूर पाया खोदतात. एवढंच काम. पण गावाला वाटायचं, घर आबाच बांधतात, आणि मी फक्त नगरपालिकेत लागणारा कागद तयार करतो.

पांढरा सदरा-पायजमा, काळी टोपी आणि हातात काळी छत्री. ही छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. मे महिन्यात जळगावचा रस्ता तव्यासारखा तापलेला असला तरी ती मिटलेलीच. तिच्या टोकाने ते भिंती दाखवायचे, खिडक्या दाखवायचे, आणि कुणी मध्येच बोललं तर त्याच्या दिशेने ती हळूच उचलायचे. माणूस गप्प बसायचा.

मोजायची फीत त्यांना वर्ज्य होती. "फीतनं काही खरं नही, भाऊ. ऊनमा लांबस, थंडीमा आखडस. मनं पाऊल बाराही महिना अडीच फूट." आणि ते खरं होतं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी दोन-तीनदा त्यांच्या मागून फीत धरून गेलो होतो. वीस पावलांना पन्नास फूट भरायचे. मी फीत गुंडाळून खिशात ठेवायचो आणि त्या दिवशी घरी जेवताना कुणाशी बोलायचो नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ज्याला त्याला मत विचारणं. नव्या घरात ते आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला घेऊन जायचे. तिला मोकळ्या जमिनीवर बसवायचे आणि विचारायचे, "इथं चूल. आता उठ, पाणी घे. तुले काय वाटस?" म्हातारी जे सांगेल ते ते शाळेच्या वहीत तिच्या नावानिशी लिहून ठेवायचे. चहावाल्याला विचारत, न्हाव्याला विचारत, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही विचारत. मला त्यांनी पहिली दोन वर्षं काही विचारलं नाही. पुढे एकदा विचारलं, तर मी इतका वेळ बोललो की त्यांनी वही मिटली.

माझ्या स्वतःच्या लग्नातली गोष्ट सांगतो. आबा वऱ्हाडी म्हणून आले होते. मांडवात पाऊल टाकताच त्यांनी पाहिलं की वाढपी पंगतीच्या टोकाला पोचले की एकमेकांना धडकतात. त्यांनी छत्रीने इशारे करत सगळ्या पंगती आडव्याच्या उभ्या करून घेतल्या, पाण्याचे पिंप हलवले, आणि सहाशे माणसं दोन तासांत जेवून उठली. माझे सासरे पुढे दोन दिवस आबांचंच कौतुक सांगत होते. नवरा मुलगा कोण होता, हे त्यांना बहुधा मागाहून आठवलं असावं.

अशा माणसाबद्दल मला आदर वाटायला हवा होता. वाटतही होता. पण आदराच्या पोटात मत्सर बसलेला होता आणि तोच मोठा होत गेला.

गावाच्या मधोमध कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जीन होतं. शेड पाडून टाकल्या होत्या आणि मोठी मोकळी जागा उरली होती. ती एका शेठजींनी घेतली. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले होते आणि शेठजींना आता जळगावात राजस्थान उभं करायचं होतं. साठ दुकानांचा बाजार, पण दिसायला हवेली. नाव ठरलं होतं 'रंगमहाल'. "साब," ते मला म्हणाले, "माणूस आत आला की त्याला वाटलं पाहिजे, आपण शेखावाटीत आलो." गुलाबी रंग, जाळ्या, झरोके, गच्चीवर घुमटीच्या छत्र्या आणि दारात दोन सिमेंटचे हत्ती, ही त्यांची यादी.

एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. झरोके आणि हत्ती मी नाइलाजाने नकाशात घातले. माझा जीव होता चौकात. चार फुटांचं उंच जोतं, समोरून रुंद पायऱ्या, आणि पायऱ्या चढून गेलं की मध्ये भव्य चौक, भोवती दुकानं. तो चौक मी महिनाभर काढत होतो. झोपेतसुद्धा मी त्या पायऱ्या चढायचो.

आखणी आबांकडे होती, हे सांगायला नकोच. शेठजींची सगळी गोदामं त्यांनीच आखली होती. त्यांनी माझा नकाशा छत्रीने जमिनीवर दाबून धरला, बराच वेळ पाहिला आणि शेठजींना म्हणाले, "आठ दिवस द्या. आन् फक्कीनी पोती द्या, जितली लागतीन तितली."

मग त्यांनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेवर त्यांनी अख्खा बाजार जमिनीवर काढला. प्रत्येक दुकानाच्या भिंती फक्कीने, प्रत्येक खांबाच्या जागी चार विटा, दारं मोकळी सोडलेली. पायऱ्यांसाठी मातीचे थर रचले. हत्तींच्या जागी दोन उलटी पिंपं. आणि मग गावाला सांगितलं, या, फिरून बघा.

"त्यांना कागदावर बघूनही काही कळत नाही," मी म्हणालो.

"म्हणीसनच तं," आबा म्हणाले. "माणूस कागदवर चालत नही, भाऊ."

गाव लोटलं. आठ दिवस त्या जागेवर जत्राच होती. लोक फक्कीच्या दारातून आत जायचे, नसलेल्या दुकानात उभे राहायचे, नसलेल्या दुकानदाराशी भाव करायचे. आबा मध्ये छत्री टेकून उभे, काखेत वही. केळी विकणारी एक बाई पायऱ्यांपाशी थांबली आणि ओरडली, "आबा, इतल्या पायऱ्या कसाले? डोकावर टोपली लिसन मी चढसू कशी?" पाचोऱ्याकडचा एक शेतकरी उलट्या पिंपांभोवती फिरला, ते हत्ती आहेत हे कळल्यावर म्हणाला, "हत्ती राहू द्या. मनी बैलगाडी कोठे सोडू ते सांगा." एक शिक्षक म्हणाले, खान्देशात राजस्थान कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? शेठजी तेव्हा तिथेच होते, त्यांचं तोंड उतरलं. पण बायकांना झरोके फार आवडले. वर बसून खालचा बाजार बघता येईल म्हणाल्या. आबांनी तेही इमानाने लिहून घेतलं. म्हणजे जे मी नाक मुरडत काढलं होतं ते गावाने उचलून धरलं, आणि ज्यासाठी जीव टाकला होता तो चौक कुणाला नको होता.

चौक नको असण्याचं कारण साधं होतं. त्या मोकळ्या जागेतून भाजीबाजाराकडून स्टँडकडे जाणारी एक पायवाट पडलेली होती. लोक बाजार बघायला आले तरी नकळत त्याच वाटेने चालत होते, फक्कीच्या भिंती तुडवत. तिसऱ्या दिवशी माझी बायको आमच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मला वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती पायऱ्या चढली, चौकातून गेली आणि आबांना म्हणाली, "आबा, इथून सरळ पलीकडे जाता आलं असतं तर किती बरं झालं असतं." मी तिथेच, चार पावलांवर उभा होतो. महिनाभर नकाशा आमच्या घरात भिंतीवर होता, तेव्हा ती एक अक्षर बोलली नव्हती. आबांनी तिचं मत लिहून घेतलं, नावानिशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आठव्या दिवशी आबांनी बदल सुचवले. जोतं खाली आणायचं, पायऱ्यांऐवजी उतार, झरोके तसेच ठेवायचे, आणि चौक रद्द करून त्याच पायवाटेवर बाजाराच्या आरपार सरळ गल्ली काढायची. गल्लीची रुंदी पाच पावलं, म्हणजे साडेबारा फूट. समोरासमोरून दोन लोटगाड्या सुखाने जातील, एवढी. शेठजींनी तिथल्या तिथे होकार दिला. मी नवा नकाशा काढून दिला, माझ्याच हाताने. पाया खोदायला अजून सुरुवातही नव्हती, आणि गाव तिला 'आबांची गल्ली' म्हणू लागलं होतं. स्थानिक पेपरात फोटो आला. फक्कीच्या रेघांत छत्री टेकून उभे असलेले आबा, आणि कडेला कुणाचा तरी कोपर. तो कोपर माझा होता.

आता मी काय केलं ते सांगतो.

खोदकाम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. आबांनी नव्या नकाशाप्रमाणे आखणी पुरी केली, गल्लीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या आणि दुपारी जेवायला घरी गेले. मजूरही सावलीला जाऊन पडले होते. जागेवर मी एकटा. माझं काम होतं फीत लावून सगळं तपासायचं आणि कामाच्या वहीत सही करायची. मी गल्ली मोजली. साडेबारा फूट, ना इंच कमी ना इंच जास्त. आणि त्या बरोबर असण्याचाच मला राग आला. मी एका बाजूच्या दोन टोकांच्या खुंट्या उपटल्या आणि दोन-दोन फूट आत ठोकल्या. दोरी आपोआप सरकली. जुनी फक्की चपलेने पुसून टाकली. अर्ध्या तासाचं काम होतं. सकाळी मजूर दोरीखाली पुन्हा फक्की टाकतात, हे मला ठाऊक होतं. मग मी वहीत लिहिलं, आखणी तपासली, बरोबर आहे, आणि खाली सही केली.

मला आबांना फार मोठं काही करायचं नव्हतं. लोटगाड्या अडकाव्यात, लोकांनी चिडावं, आणि एकदा तरी कुणीतरी म्हणावं, त्या पोराचा चौकच बरा होता. एवढंच हवं होतं. एवढंच म्हणताना आजही मला माझी लाज वाटते.

पाया खोदताना दोन्ही बाजूंना मातीचे ढीग असतात, मधून चालता येत नाही. जोत्यापर्यंत बांधकाम आलं, माती उचलली, तेव्हा एका सकाळी आबा गल्लीत आडवे चालले. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं पाऊल भिंतीला लागलं. ते परत वळून चालले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते डोळे मिटून चालले. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, तुनी फीत दे."

मी खिशातून फीत काढून दिली आणि तिचं दुसरं टोक धरलं. साडेदहा फूट भरले.

"खुंट्या कोनी हालाड्या का?" त्यांनी विचारलं. "तू तपासं व्हतं ना?"

तो क्षण माझा होता. त्यात मी खरं बोलू शकलो असतो. भिंती अजून जोत्यालाच होत्या, फार तर शेठजींच्या शिव्या बसल्या असत्या.

"नाही आबा," मी म्हणालो. "तुमची आखणी होती, म्हणून मी नुसती नजर टाकली आणि सही केली."

आबांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा संशय गेला नाही, याचंही मला तेव्हा बरं वाटलं. ते विटांच्या ढिगावर बसले, आपल्या पायांकडे पाहत. मग म्हणाले, "आज बरोबर पडी रायनं. म्हणजे त्या दिनले मनं पाऊल आखूड पडनं, आन् माले कळनंबी नही. आते कोणता दिनले पडी, काय सांगू?"

शेठजींना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. शेठजी भले माणूस. म्हणाले, आबा, दोन फुटांनी काय होतं, दुकानं मोठी झाली. पण उद्घाटनाच्या दिवशी व्हायचं ते झालंच. भाजीची एक लोटगाडी आणि भांड्यांची एक लोटगाडी गल्लीच्या मध्यावर समोरासमोर आली आणि अडकली. मागे माणसं तुंबली. भांडी खाली पडायला लागली, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "देखा रे, आबानी गल्ली!" सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, गाव आपल्या माणसाला हसतं तसं हसले. पण आबा गर्दीतून वाट काढत त्या दोघा गाडीवाल्यांपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "आखणी मनी व्हती, भाऊ. मनं चुकनं." हसणं बंद झालं. माझ्या शेजारी उभी असलेली माझी बायको रडत होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्या सबंध गर्दीत मी कुणालाही त्या चौकाबद्दल बोलताना ऐकलं नाही.

त्यानंतर आबांनी आखणी सोडली. धुळ्याला शेठजींच्या मेहुण्याने तसाच बाजार काढला, तिथे किल्ल्याचा थाट होता, बुरूज वगैरे. मेहुणा आबांना न्यायला स्वतः गाडी घेऊन आला. आबा म्हणाले, "मी येत नही. त्या भाऊले न्या. त्यानं काम चांगलं शे." त्यानं म्हणजे माझं. मला ते काम आबांच्या शब्दावर मिळालं.

धुळ्यात मीही जमिनीवर फक्कीने अख्खा बाजार काढला. लाज नावाची गोष्ट मी तोवर सोडली होती. लोक आले, दोन-चार फिरले, आणि विचारू लागले, "जळगावना आबा कोठे शेतस?" मी वही काढून मतं विचारली, तर म्हणाले, तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळतं. दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. त्या रिकाम्या रेघांच्या मध्ये उभा असताना मला पहिल्यांदा कळलं की मी आबांचं काहीही घेऊ शकलो नव्हतो, फक्त त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

आबा तोवर जळगाव सोडून भडगावजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले होते. मी एसटीने गेलो. दुपार होती. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आबा आत बाजेवर होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मी दारातच थांबलो. खुंटीला एक फीत टांगलेली होती. अक्का म्हणाल्या, घरात फळी ठोकायची झाली तरी आता फितीने मोजतात, दोनदा मोजतात, आणि मग मला मोजायला लावतात.

मी बसलोच नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "आबा, त्या खुंट्या मी हलवल्या होत्या."

आबा बाजेवर सरकून मला जागा करत होते.

"तुम्ही जेवायला गेला होता. डाव्या बाजूच्या, दोन्ही टोकांच्या. दोन-दोन फूट आत घेतल्या. तुमचं पाऊल चांगलं होतं, आबा. कधीच आखूड पडलं नव्हतं. मी तुमच्यावर जळत होतो."

आबांचे डोळे भरले. ते अक्कांकडे वळले. "देख व, यानं मन कितलं मोठं शे! म्हातारा माणूसले बरं वाटावं म्हणीसन मनी चूक सोतावर ली रायना."

"नाही आबा, खरंच सांगतोय," मी म्हणालो. "मी फक्की चपलेने पुसली. मुलीची शपथ घेऊन सांगतो."

"लेकरूनी शपथ घेऊ नको," ते घाईने म्हणाले आणि माझा हात धरून मला बाजेवर ओढून बसवलं. "बस. आन् आठून बाहेर कोनले सांगू नको असं. लोकं खरं मानतीन, तुले नावं ठेवतीन. तुनं आखं आयुष्य पडेल शे अजून."

मी पुन्हा बोलायला गेलो, तर अक्कांनी माझ्यासमोर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला, आणि पदराने डोळे पुसत भाकरीवर तेलाची धार धरली. आबांनी मला बोलू दिलं नाही. ते उठून ओट्यावर गेले आणि त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. आठ-दहा माणसं जमली, कुणी शेतातून आलेलं, कुणी झोपेतून उठून. आबांनी त्यांना सगळं सांगितलं. जळगावचा एवढा मोठा आर्किटेक्ट, माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला एसटीने इतक्या लांब आला, असा माणूस तुम्ही पाहिला का, असं ते प्रत्येकाला विचारत होते. मी आतून दोनदा म्हणालो, तसं नाही. लोकांना तो माझा विनय वाटला.

मला बाहेर बोलावलं. ओट्यावर एकच बाज होती आणि तिच्यावर आबांशेजारी गावातले सर्वांत वयस्क नाना बसले होते. मला बघताच ते काठी टेकून उठले, बाजेवरची घोंगडी झटकली आणि म्हणाले, "बठा भाऊ, आठे बठा." नाना खाली जमिनीवर बसले. आबांच्या शेजारी माझ्यासाठी जागा झाली होती. सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती.

मी बसलो.